दर्या वर आला की वाळू गेली?

होडीत बसलं की अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून समोरच्या बेटावर पोचायला फार वेळ लागत नाही. वैतरणेच्या मुखाशी, खाडीचं गढूळ पाणी समुद्रात मिसळतं तिथे हे बेट आहे. त्यावर जलदुर्ग, कालिकामातेचं देऊळ आणि कोळ्यांची वस्ती. मराठ्यांनी १७३७ साली पोर्तुगिजांकडून घेतलेला हा किल्ला अजून खंबीर उभा आहे. तटाबाहेरच्या घरांचं नशीब तेवढं बलवत्तर नाही. उधाणाच्या भरतीने किनारा कातरत नेला आणि त्याबरोबर काही घरंही गेली. पुळणीवर उघडी पडलेली जोती मी पाहिली आहेत.

बऱ्याच वर्षांपूर्वी तिथे मासळी सुकवायच्या वलांडीवर बोंबील टाकत असलेल्या एका आजींनी मला विचारलं, "तू शिकलेला ना? मंग सांग, दर्या वर आला का वालू गेली?"

माझ्याजवळ उत्तर तयार होतं. पृथ्वी तापते आहे, बर्फ वितळतं आहे, समुद्र वाढतो आहे. आजींनी ते ऐकून घेतलं, एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला आणि जोडी बांबूवर टाकली. पटलं नाही, हे त्यांनी न बोलता सांगितलं. माझं उत्तर खोटं नव्हतं, पण ते त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. त्यांनी दोन कारणं समोर ठेवून निवाडा मागितला होता. मी त्यातलं एक उचलून भाषण केलं होतं.

हरितगृह वायू आणि पृथ्वीचं हवामान या विषयावरचा हा लेखसंग्रह वाचकांपुढे ठेवताना मला त्या आजींची आठवण होते, कारण या विषयावर मराठीत जे बोललं जातं त्यात दोन टोकं दिसतात. एक टोक म्हणजे पूर आला, आंबा गळला, मासळी कमी मिळाली, की सगळं 'ग्लोबल वॉर्मिंग'च्या नावावर टाकणं. दुसरं टोक म्हणजे 'पूर्वीही वादळं यायची' म्हणून सगळंच झटकून टाकणं. दोन्ही ठिकाणी निवाडा टळतो. हा संग्रह निवाड्याची सवय लावण्यासाठी आहे.

मराठी वाचकाची पहिली अडचण विज्ञानाच्याही आधी शब्दांची आहे. 'आज हवामान ढगाळ आहे' असं आपण म्हणतो आणि 'कोकणचं हवामान दमट आहे' असंही म्हणतो. पहिलं वाक्य एका दिवसाचं, दुसरं पिढ्यांच्या अनुभवाचं. शब्द मात्र एकच. शास्त्रज्ञ साधारण तीस वर्षांची सरासरी धरून दुसऱ्या अर्थाने बोलत असतात. त्यामुळे 'हवामान बदलतंय' असं कोणी म्हटलं, की पारावरचा माणूस सहज म्हणतो, 'ते तर रोजच बदलतं.' त्याच्या भाषेत तो बरोबर असतो. या संग्रहात हवामान हा शब्द दीर्घ मुदतीच्या अर्थानेच येतो. एका दिवसाची गोष्ट असेल तिथे नुसतं 'हवा' म्हटलं आहे.

'हरितगृह' हा दुसरा फसवा शब्द. काचेचं घर ऊबदार राहतं ते मुख्यतः आतली तापलेली हवा कोंडून राहते म्हणून. वातावरणाला असं छप्पर नाही. तिथलं काम वेगळ्या तऱ्हेने चालतं. ते समजून घ्यायला काचघरापेक्षा पौषातली रात्र बरी. आभाळ निरभ्र असेल तर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीच्या फळ्या पहाटे दवाने ओल्या होतात. ढगाळ रात्री त्या बहुधा कोरड्याच राहतात. आगाशीच्या वाडीवाल्याला किंवा अर्नाळ्याच्या नाखव्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. दिवसा तापलेली जमीन, लाकूड, पाणी रात्री आपली उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने वर फेकत असतात. आभाळ मोकळं असलं की त्यातली बरीचशी अवकाशात निघून जाते, फळी गार पडते आणि तिच्यावर दव धरतं. ढग असला तर तो ती उष्णता शोषतो आणि बरीच परत खाली धाडतो. हरितगृह वायू हेच काम दिवसरात्र, बाराही महिने आणि न दिसता करतात.

म्हणजे ही एक गोधडी आहे. गोधडी ऊब तयार करत नाही, अंगची ऊब लवकर जाऊ देत नाही. ती नसती तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिलं असतं. आज ते सुमारे १५ अंश आहे. हा ३३ अंशांचा फरक आपल्या जगण्याचीच अट आहे. तक्रार आहे ती गोधडी जाड होत चालल्याची.

कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा. दोन सारख्या अणूंचे हे रेणू उष्णतेच्या किरणांना जवळजवळ अडवतच नाहीत. अडवतात ते वाकणारे, थरथरणारे रेणू: पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि शीतयंत्रांसाठी माणसाने घडवलेले काही वायू. यांत वाफेचा वाटा सर्वांत मोठा, पण ती पुढारी नाही, मागून येणारी आहे. साधारण आठ-दहा दिवसांत ती पाऊस होऊन खाली येते. मात्र हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते आणि ती वाफ पुन्हा ऊब वाढवते. पुढारी आहे तो कार्बन डायऑक्साइड. मिथेन भातखाचरांतून, गुरांच्या पोटातून, कचऱ्याच्या ढिगांतून, कोळशाच्या खाणींतून आणि तेलविहिरींतून येतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो, पण साधारण बारा वर्षांत विरून जातो. हवेत वाढत गेलेला नायट्रस ऑक्साइड प्रामुख्याने शेतातल्या नत्रखतांतून सुटतो आणि शतकभर टिकतो.

कार्बन डायऑक्साइडचं वजन समजून घ्यायला अर्नाळ्याच्या बंदरावरचा डिझेलचा कॅन पुरेसा आहे. एक लिटर डिझेलचं वजन एक किलोपेक्षा कमी, साधारण ८५० ग्रॅम. ते इंजिनात जळलं की त्यातून सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वजन वाढलं कुठून? डिझेलमधल्या कार्बनच्या प्रत्येक अणूने हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू उचलले. कॅन रिकामा झाला म्हणून नाखव्याला वाटतं माल संपला. प्रत्यक्षात तो तिपटीहून जड होऊन वर गेलेला असतो. त्यातला साधारण निम्मा भाग समुद्र आणि झाडं-माती मिळून आत घेतात. उरलेला हवेत राहतो आणि त्यातला काही भाग शतकानुशतकं जात नाही. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेला पहिली लोकल धावली. तिच्या इंजिनात जळलेल्या कोळशाचा काही अंश आजही आपल्या डोक्यावर आहे. या विषयाचा सगळा पेच या एका गोष्टीत आहे: धूर दिसेनासा होतो, वायू राहतो.

हे ज्ञान एका माणसाचं किंवा एका देशाचं नाही, आणि ते कालपरवाचंही नाही. फ्रान्समध्ये जोसेफ फूरिए यांनी १८२४ मध्ये वातावरण पृथ्वीची उष्णता अडवत असावं, असं मांडलं. अमेरिकेत युनिस फूट यांनी १८५६ मध्ये वेगवेगळे वायू भरलेल्या काचेच्या नळ्या उन्हात ठेवल्या. कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापली आणि गार व्हायलाही वेळ लागला. त्यानंतर तीन वर्षांनी लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी कोणता वायू उष्णतेचे किरण किती शोषतो हे उपकरणांनी मोजायला घेतलं. स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये हाताने आकडेमोड करून सांगितलं, की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान ५ ते ६ अंशांनी वाढेल. आपला थंड देश जरा ऊबदार होईल, याचं त्यांना दुःख नव्हतं. आजचा सर्वमान्य अंदाज ३ अंशांच्या आसपासचा आहे. कागद-पेन्सिलीच्या काळातला माणूस इतक्या जवळ पोचला होता, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

पुढे १९३८ मध्ये गाय कॅलेंडर या वाफेच्या इंजिनांच्या अभियंत्याने जगभरच्या हवामान केंद्रांच्या नोंदी जमवून दाखवलं, की पृथ्वी खरोखरच तापते आहे. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९५८ पासून चार्ल्स कीलिंग यांनी हवाईमधल्या मौना लोआ पर्वतावर रोज हवा तपासायला सुरुवात केली. तेव्हा दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ रेणू होते. औद्योगिक क्रांतीपूर्वी ते २८०च्या आसपास असत. २०२४ पर्यंत त्यांनी ४२० चा आकडा ओलांडला होता. १९६७ मध्ये स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी संगणकावर वातावरणाचं गणित मांडून दुप्पट वायूचा परिणाम काढला. मानाबेंना त्या वाटेवरच्या कामाबद्दल २०२१ चं नोबेल मिळालं. १९७५ मध्ये वीरभद्रन रामनाथन या तरुण भारतीय शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की तेव्हा फ्रिजमध्ये वापरले जाणारे सीएफसी वायू अगदी थोडे असले तरी कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट ताकदीने उष्णता अडवतात. गोधडीत एकच धागा नाही, अनेक आहेत, हे तेव्हापासून पक्कं झालं.

या इतिहासात आपला किनारा नुसता प्रेक्षक नव्हता. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. मुंबईच्या अपोलो बंदरावर भरती-ओहोटीची नोंद १८७८ पासून आहे. हिंदी महासागराच्या काठावर इतकी जुनी, इतकी सलग नोंद दुर्मीळ. पुण्यात १९६२ मध्ये उष्णप्रदेशीय हवामानाच्या संशोधनासाठी सुरू झालेली आयआयटीएम ही संस्था आज मान्सून आणि हिंदी महासागर यांच्या अभ्यासाचं मोठं केंद्र आहे. गोव्यात दोना पावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आपल्या किनाऱ्यावरची समुद्राची पातळी अभ्यासते. अर्नाळ्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला न्यूयॉर्कला जावं लागत नाही. बरीचशी कागदपत्रं लोकलने आणि एसटीने पोचता येईल इतक्या अंतरावर आहेत.

या क्षेत्रात आज काम करणाऱ्यांचे ढोबळमानाने पाच प्रवाह दिसतात. पहिला मोजणाऱ्यांचा: उपग्रह, जहाजं, तरंगती उपकरणं आणि अपोलो बंदरासारखे भरतीमापक. दुसरा गणित मांडणाऱ्यांचा. संगणकावर पृथ्वीची प्रतिकृती करून 'वायू वाढले नसते तर काय झालं असतं' असा प्रश्न ते विचारतात. प्रत्यक्षात दुसरी पृथ्वी मिळत नाही, म्हणून हा खटाटोप. तिसरा प्रवाह भूतकाळ उकरणाऱ्यांचा. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे तपासून त्यांनी आठ लाख वर्षांचा हिशेब काढला, आणि औद्योगिक क्रांतीपर्यंतच्या त्या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइड ३०० च्या वर फारसा गेलेला नाही.

चौथा प्रवाह न्यायाचा, आणि त्यात भारताचा आवाज पहिल्यापासून ठळक आहे. १९९१ मध्ये अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्रातून एक पुस्तिका काढली. गरिबाच्या भातखाचरातला मिथेन आणि श्रीमंताच्या मोटारीतला धूर एका तराजूत कसा घालता, असा तिचा सवाल होता. एक जगण्यासाठीचा, दुसरा चैनीचा. त्याच सुमाराला ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने देशभरच्या भातशेतांत प्रत्यक्ष मोजमाप झालं. परदेशी अंदाज भारताच्या भातशेतीवर वर्षाला ३७-३८ दशलक्ष टन मिथेन टाकत होता; मोजल्यावर तो ४ दशलक्ष टनांच्या आसपास निघाला. निवाड्यासाठी मोजमाप का लागतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. आजही सरासरी भारतीय वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, तर सरासरी अमेरिकन चौदा टनांच्या आसपास. पण 'सरासरी भारतीय' ही व्यक्ती अस्तित्वात नाही. मुंबईतल्या उंच इमारतीतला वातानुकूलित दिवाणखाना आणि अर्नाळ्याची वलांडी दोन्ही त्याच सरासरीत बसतात. न्यायाचा प्रश्न देशाच्या सीमेवर थांबत नाही, हे या प्रवाहाला पुढे पुढे मान्य करावं लागलं.

पाचवा प्रवाह उपायांचा, आणि त्यात दोन बाजू आहेत. एक म्हणते वायू कमी करा. दुसरी म्हणते जे होणारच आहे त्याला तोंड द्यायला शिका. अर्नाळा ज्या पालघर जिल्ह्यात आहे तिथे हे द्वंद्व नकाशावरच दिसतं. तारापूरला १९६९ पासून देशातलं पहिलं अणुवीज केंद्र चालतं, ज्याच्या धुराड्यातून कार्बन निघत नाही. थोडं वर डहाणूला कोळशावरचं ५०० मेगावॅटचं केंद्र आहे. वाढवणला मोठ्या बंदराची पायाभरणी २०२४ मध्ये झाली आणि किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा त्याला विरोध आहे. तोंड देण्याच्या बाजूला कांदळवनं आहेत. खाडीकाठची तिवरं लाटांचा जोर मोडतात आणि चिखलात कार्बन साठवतात; म्हणजे एका झाडात दोन्ही बाजू जमतात. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली, तेव्हा कार्बन हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. विहिरी मचूळ होऊ नयेत, बावखलं म्हणजे गोड्या पाण्याची तळी बुजू नयेत, वाड्या उरल्या पाहिजेत, एवढंच म्हणणं होतं. आज ज्याला हवामान बदलाशी जुळवून घेणं म्हणतात, त्यातलं बरंचसं त्यात आधीच होतं.

हे सगळं आत्ताच का वाचायचं? जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने २०२४ हे नोंदी सुरू झाल्यापासूनचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. औद्योगिक काळापूर्वीच्या मानाने ते सुमारे १.५५ अंशांनी जास्त तापलेलं होतं. २०१५ च्या पॅरिस करारात जगाने वाढ १.५ अंशांवर रोखण्याची धडपड करायचं ठरवलं होतं. एका वर्षाने दीर्घ सरासरीची रेषा ओलांडली जात नाही, पण ती किती जवळ आली हे कळतं. आपल्या बाजूला पाहिलं तर केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ मध्ये ०.७ अंशांनी वाढलं. उष्णप्रदेशीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग मात्र १९५१ ते २०१५ या कमी काळातच सुमारे एक अंशाने तापला. जास्तीच्या उष्णतेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग जगभरचे समुद्र गिळतात. म्हणून हवामान बदलाची आपल्याकडची गोष्ट आधी समुद्राची आहे आणि मग जमिनीची.

तापलेला अरबी समुद्र काय करतो, हे किनाऱ्याने पाहिलं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाच्या पावसाने वलांड्यांवरची सुकती मासळी भिजवली. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ रायगडात शिरलं. मे २०२१ मध्ये तौक्ते मुंबईजवळून गुजरातकडे सरकलं. आयआयटीएमच्या मेधा देशपांडे आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी दाखवलं, की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं त्याआधीच्या १९८२ ते २००० या काळाच्या मानाने ५२ टक्क्यांनी वाढली आणि ती जास्त काळ टिकूही लागली. बोंबील आणि सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, हे दोन्ही वसईचे धंदे कोरड्या उन्हावर आणि वाऱ्यावर चालतात. कार्तिक-मार्गशीर्षात पडलेला एक पावसाळी दिवस आकडेवारीत किरकोळ असतो. वलांडीवरचा माल मात्र एका रात्रीत काळवंडतो.

आता त्या आजींच्या प्रश्नाकडे वळतो. दर्या वर आला की वाळू गेली?

आधी दर्याचा हिशेब. मुंबईच्या जुन्या नोंदी सांगतात, की तिथे समुद्राची पातळी दीर्घकाळ वर्षाला एक मिलिमीटरपेक्षाही कमी वेगाने वाढत होती, म्हणजे शतकात साधारण एक मूठ. मूठभर पाणी उभं फारसं दिसत नाही. पण ५० मीटर चालल्यावर एक मीटर चढणाऱ्या सपाट पुळणीवर ८ सेंटिमीटरची वाढ पाण्याची रेघ ४ मीटर आत आणते. मंत्रालयाच्या त्याच अहवालानुसार उत्तर हिंदी महासागरात १९९३ ते २०१७ या काळात हा वेग वर्षाला ३.३ मिलिमीटरवर गेला. त्या वेगाने एक मूठ चढायला शंभर वर्षं लागत नाहीत, पंचवीस पुरतात.

मग वाळूचा हिशेब. किनाऱ्यावरची वाळू नदी आणते, लाटा ती इकडून तिकडे नेतात, आणि येणं-जाणं बरोबरीत असलं की पुळण जागेवर राहते. वैतरणेच्या खोऱ्यात मुंबईची तहान भागवणारी धरणं एकामागून एक झाली: १८९२ चं तानसा, १९५० च्या दशकातलं मोडकसागर, मग अप्पर वैतरणा आणि २०१४ मध्ये पूर्ण झालेलं मध्य वैतरणा. धरणामागे पाण्याबरोबर गाळ आणि रेतीही अडते. खाली खाडीत जी रेती उरते, तिच्यावर बांधकामांसाठी उपशाचे पंप लागले. वसई-विरारच्या इमारती कशातून उभ्या राहिल्या, हे विचारलं की या वाळूचा काही पत्ता लागतो. शिवाय एका ठिकाणी दगडी बंधारा घातला, की लाटांचा मारा त्याच्या टोकाशी वळतो आणि शेजारचा किनारा खचू लागतो.

म्हणून निवाडा असा: दोन्ही. मूठभर चढलेला दर्या आजवर थोडी पावलं आत आला असेल. किनारा त्याहून कितीतरी जास्त सरकला असेल तिथे उरलेला जाब वाळूला विचारावा लागेल. पण हा निवाडा कायमचा नाही. दर्याचा वेग वाढतो आहे, म्हणजे दर दशकात त्याचा वाटाही वाढत जाणार. आणि वाळू कमी झालेल्या किनाऱ्यावर तीच मूठभर वाढ आणि तेच वादळ जास्त खोल घाव घालतं. हरितगृह वायू एकटे येऊन घर पाडत नाहीत. आधीच पोखरलेल्या जागेसमोर पाण्याची पातळी ते हळूहळू वर नेतात, आणि मग एखाद्या उधाणाला निमित्त मिळतं.

आजींनी त्या दिवशी जाता जाता आणखी एक प्रश्न विचारला होता, तेव्हा मी तो नीट ऐकला नाही: "मंग अर्ज कोनाला द्यायचा?" वाटा ठरवण्याचा सगळा उपयोग या प्रश्नात आहे. रेतीउपसा थांबवणं जिल्ह्याच्या हातात आहे. धरणात अडलेल्या गाळाचा विचार मुंबईच्या नळाशी जोडलेला आहे. वायूंचा जाब जगाच्या वाटाघाटींत विचारावा लागतो. हवामानाने केलेल्या नुकसानीसाठी निधी उभारायचं २०२२ मध्ये इजिप्तच्या परिषदेत ठरलं, पुढच्या वर्षी दुबईत तो सुरूही झाला. सगळं खापर वायूंवर फोडलं, की रेतीवाला सुटतो. सगळं रेतीवर टाकलं, की कोळशाचा आणि तेलाचा इतिहास सुटतो. आणि दोन्ही वेळा बेटावरचा माणूस रिकाम्या हाती परततो.

या संग्रहातल्या लेखकांनी हीच शिस्त पाळायचा प्रयत्न केला आहे. कुणी वायूंच्या रसायनातून शिरलं आहे, कुणी मान्सूनच्या नोंदींतून, कुणी शेतातून, कुणी कायद्यातून. पण प्रत्येकाने एकच अट मान्य केली आहे: जे घडलं त्यातलं वायूंमुळे किती आणि आपल्याच हातांनी किती, हे शक्य तिथे वेगळं करून सांगायचं आणि खात्री किती आहे हेही सांगायचं. वाचकाला घाबरवणं हा हेतू नाही. भीतीने माणूस एक तर पळतो किंवा डोळे मिटतो. आकडे आहेत, पण पाठ करण्यासाठी नाहीत. मूठ, पाऊल, डिझेलचा लिटर, दवाची रात्र अशा हातातल्या मापांनी ते पुन्हा मांडता यावेत, असा प्रयत्न आहे. संग्रह पहिल्या पानापासून सलग वाचायलाच हवा, असंही नाही. ज्याला गणिताची धास्ती आहे त्याने किनाऱ्यावरच्या लेखांपासून सुरुवात करावी; भौतिकशास्त्र मागाहून आपोआप हवंसं वाटेल.

या संग्रहाची परीक्षा परीक्षणांतून होईलच; माझी कसोटी वेगळी आहे. बेटावरच्या एखाद्या मुलाने हा वाचून ग्रामसभेसाठी अर्ज लिहावा. अर्ज एकच, पण त्यात तीन परिच्छेद: एक वाळूचा, एक धरणाचा, एक हवेचा. आणि प्रत्येक परिच्छेदाच्या वर पत्ता वेगळा.